लेन्सला आधी सावली द्या, मग वारशाच्या गप्पा मारा

नळदुर्गच्या किल्ल्याचे आज जितके फोटो निघतात तितके त्याच्या हयातीत कधी निघाले नसतील. पण उद्या एखादा बुरूज ढासळला आणि तो होता तसा पुन्हा उभा करायची वेळ आली, तर त्यातले बहुतेक फोटो गवंड्याच्या हातात देण्याच्या लायकीचे नाहीत. काळ्या पाषाणाची भिंत त्यांत राखाडी दिसते. सावलीतल्या दोन चिऱ्यांमधला सांधा, त्यात भरलेला चुना, छिन्नीचे घाव, सगळ्यावर पांढरट भुरका पसरलेला असतो. या भुरक्याला कुणी धुकं म्हणतं, कुणी धूळ म्हणतं, आणि अलीकडे काही जण ‘मूड’ही म्हणतात. मी त्याला आळस म्हणतो. लेन्सच्या पुढे चार काळ्या भिंती उभ्या करायच्या होत्या, त्या कुणी केल्या नाहीत, एवढीच ती गोष्ट आहे.

मी ४×५ इंची शीट फिल्मवर काम करतो. कॅमेऱ्याला भाता आहे, मागे घासलेली काच आहे, डोक्यावर काळं फडकं घेऊन उलटं चित्र बघत फोटो जुळवावा लागतो. धाराशिव जिल्ह्यात हे ‘जुनं खूळ’ कशाला, असं विचारणारे रोज भेटतात. त्यांना मी एकच उत्तर देतो. इमारत सरळ उभी दाखवायची असेल आणि तिचा प्रत्येक दगड वाचता यावा असं वाटत असेल, तर या कॅमेऱ्याइतकं प्रामाणिक साधन क्वचित मिळतं. पण हा कॅमेरा वापरणारेही लेन्सवर सावली धरत नाहीत, याचा मला जास्त संताप येतो. महागडी लेन्स, महागडी फिल्म, दणकट तिपाई, सगळा लवाजमा जमवायचा आणि समोर आभाळ मोकळं सोडायचं!

आधी नुकसान कसं होतं ते बघू. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणी महाल घ्या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं हे काम. कॅमेरा त्याच्याकडे वळवला की वर पांढरंफटक आभाळ, खाली पाण्याची चकाकी आणि मधोमध काळा दगड. आभाळ आणि पाणी चौकटीबाहेर ठेवलं की काम झालं, असं लोकांना वाटतं. काम बिलकूल होत नाही. चौकटीबाहेरचा प्रकाशही लेन्समध्ये शिरतोच. तो काचांवर, शटरच्या कडांवर, भात्याच्या आतल्या अंगावर आपटतो आणि सगळ्या फिल्मवर सारखा पसरतो. समजा, सावलीतल्या एका दगडावरून १ भाग प्रकाश येतो आणि शेजारच्या दगडावरून २ भाग. म्हणजे दुसरा दगड दुपटीनं उजळ. आता वरून १० भाग भटका प्रकाश दोघांवर सारखाच पडला. हिशेब झाला ११ आणि १२. दुपटीचा फरक होता, तो जेमतेम नऊ टक्क्यांवर आला. उन्हातल्या हजार भागांच्या दगडाला त्या दहा भागांनी काहीच होत नाही. लुटली जाते ती सावली. आणि आपल्या किल्ल्यांची, लेण्यांची, वाड्यांची निम्मी अक्कल सावलीत आहे.

इथं लगेच एक शहाणा पुढे येतो. ‘एडिटिंगमध्ये काढू की! एक स्लायडर ओढला की भुरका गायब.’ बैल गेला आणि झोपा केला, यापेक्षा या उत्तराची किंमत जास्त नाही. ११ आणि १२ मधला फरक संगणकानं ताणून मोठा करता येतो, हे मला माहीत आहे. पण तो ताणताना फिल्मचे दाणे ताणले जातात, सेन्सरचा ‘नॉइज’ ताणला जातो, आणि जो सांधा त्या दाण्यांत बुडून गेला तो परत येत नाही. उरतो तो सांध्याचा आभास. सजावटीच्या कॅलेंडरला आभास चालतो. पुराव्याला चालत नाही. जे आत शिरलंच नसतं ते आत घ्यायचं आणि मग रात्र-रात्र बसून बाहेर काढायचं, याला कुणी कौशल्य म्हणत असेल तर त्यानं खुशाल म्हणावं. माझ्या लेखी ती बेफिकिरी आहे.

दुसरा शहाणा कोटिंगचा दाखला देतो. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी त्यावर पातळ लेप देण्याची पद्धत काढली आणि हे परावर्तन पुष्कळ कमी झालं. हे सगळं खरं. पण लेप काचेवरच्या चकाकीचा बंदोबस्त करतो. काचेतून रीतसर आत आलेल्या, पण तुमच्या फोटोशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रकाशाचं तो काय करणार?

मोठ्या कॅमेऱ्यात हा आगंतुक प्रकाश किती असतो, हे हिशेबानं बघा. १५० मिमीच्या कित्येक लेन्सा एफ २२ ला सुमारे २१० मिमी व्यासाचं वर्तुळ उजळतात, कारण लेन्स वर-खाली सरकवायला जागा लागते. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ३४,६०० चौरस मिमी. फिल्मवर चित्र उमटतं ९५ × १२० मिमीत, म्हणजे ११,४०० चौरस मिमीत. आत आलेल्या वर्तुळाचा एक तृतीयांश भाग कामाचा. बाकी दोन तृतीयांश भात्याच्या आतल्या भिंतींवर आदळणारा फुकटचा प्रकाश. छोट्या कॅमेऱ्याला हूड, म्हणजे लेन्सपुढची काळी आडोशाची चौकट, असला तर बरं. या कॅमेऱ्याला तो नसेल तर तुम्ही फिल्म वाया घालवता आहात.

आणि बाजारातला गोल पत्र्याचा हूड इथं उपयोगाचा नाही. उंच बुरूज सरळ दिसावा म्हणून कॅमेरा समतल ठेवतात आणि लेन्स वर उचलतात. उचलली की लेन्सची नजर वर सरकते, आणि घट्ट बसवलेल्या गोल हूडची कड फोटोच्या कोपऱ्यात येते. मग लोक हूड काढून पिशवीत टाकतात, म्हणजे गरज असते नेमक्या त्याच वेळी. याला उपाय एकच. भात्याचा चौकोनी हूड. तो लेन्सनुसार लांब-आखूड होतो, आणि त्याच्या पुढच्या चौकटीला हवं तिकडे सरकवता येतं. हा काही आजचा शोध नाही. स्टुडिओवाल्यांच्या आणि सिनेमावाल्यांच्या कॅमेऱ्यांवर तो वर्षानुवर्षं आहे.

‘पण तो इथं मिळतो कुठं?’ हे तिसरं रडगाणं, आणि सगळ्यात संतापजनक. नाचता येईना अंगण वाकडं! परदेशातून मागवला तर किंमत, कस्टम, महिनोन्महिने वाट, आणि आला तरी आपल्या कॅमेऱ्यावर बसेलच याची खात्री नाही. म्हणून काय हात बांधून बसायचं? या मुलखात कॅमेरे कधी आले ते आठवा. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या मोसमात निजामाच्या राज्याचा हा भाग पालथा घातला. १८७८ मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांचं वर्णन आहे, मोजमापं आहेत. हेन्री कझिन्स यांनी तेरवर, म्हणजे जुन्या तगर नगरावर, पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात लिहिलं. याच निजामाच्या राज्यात फोटोग्राफर राजा दीनदयाळ काम करत होते. तो काळ काचेच्या प्लेटांचा, लाकडी पेट्यांचा, बैलगाडीच्या प्रवासाचा. वाटेत काही मोडलं तर ते हातानं नीट करायचं आणि पुढे निघायचं, याला दुसरा पर्यायच नव्हता. आणि आज चार काळ्या भिंतींसाठी आपण पार्सलची वाट बघतो.

केरळातल्या अलेप्पीचं उदाहरण मी मुद्दाम सांगतो. १९४० च्या दशकात तिथल्या एका स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा भाता फाटला. तो दुरुस्तीला गेला वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी, कारण पेटीचा भाता जोडणारा हात कॅमेऱ्याचा भाताही जोडू शकतो, एवढी अक्कल त्या स्टुडिओवाल्याला होती. त्या घरातल्या करुणाकरन यांनी भाता जोडला आणि मग पुढे अख्खा कॅमेराच बनवायला घेतला. सागवान, पितळ आणि भाता. ‘वागीश्वरी’ नावाचा हा कॅमेरा देशभरातल्या स्टुडिओंत पोचला. आपल्याकडे काय कमी आहे? गावोगाव भजनी मंडळं आहेत, प्रत्येक मंडळाकडे पेटी आहे, आणि पेटी दुरुस्त करणारे हात अजून जिवंत आहेत. पण फोटोवाला त्यांच्या दारात जात नाही. त्याला तिथं जाण्यात कमीपणा वाटतो.

मी गेलो. तुळजापूरच्या बाजूला पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांच्यापुढे मी कागदावर काढलेला आराखडा ठेवला. पातळ काळं कापड आत, रेक्झिन बाहेर, मध्ये काळ्या कार्डाच्या दहा मिमी रुंदीच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत दोन मिमीची फट. त्यांनी तो कागद बघितला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. “सायेब, हितं पट्टी कोपऱ्यापतूर आणलीया तुमी. कोपऱ्यात जीव ठिवा. तितं पट्टी आली की घडी बसत न्हाई, फाटती बगा.” मग पट्ट्यांची टोकं त्यांनी तिरपी छाटली, एकाआड एक उलटसुलट. सगळ्या पट्ट्या चिकटवून झाल्यावर कापडाची नळी केली, जोड खालच्या बाजूला घेतला, आणि चमच्याच्या पाठीनं एकेक घडी दाबत नेली. एक आत, एक बाहेर. चारही कोपऱ्यांत घडी आपोआप वळली, कुठंही ताण नाही, कुठंही चुणी नाही. चिकटवायला खळ होती, मोरचूद घातलेली, कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर घालतात तशी. फेव्हिकॉलचा जाड थर घडीवर तडकतो, हे त्यांनी न विचारता सांगितलं. रेक्झिनच्या जोडाला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावलं, कारण ते वाळल्यावरही लवतं. हे ज्ञान कुठल्याही फोटोग्राफीच्या वर्गात शिकवलं जात नाही, आणि ते ज्यांच्याकडे आहे त्यांना कुणी फोटोग्राफीतलं विचारत नाही. ही आपल्या कलाशिक्षणाची लायकी.

आता जुगाडाच्या भक्तांबद्दल. पुठ्ठ्याचा खोका कापायचा, चिकटपट्टीनं लेन्सला बांधायचा, त्याचा फोटो काढून मिरवायचं आणि ‘आपण भारतीय काहीही करू शकतो’ म्हणून छाती फुगवायची, हा प्रकार मला तितकाच खटकतो. घरी बनवलेली वस्तू मापात चुकली तरी चालते, असा परवाना कुणी दिला? हूडचं गणित पाचवीतल्या पोरालाही येईल. पुढच्या खिडकीची रुंदी काढायची तर फिल्मच्या रुंदीला खिडकीच्या लेन्सपासूनच्या अंतरानं गुणा, लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागा, आणि लेन्सच्या छिद्राचा व्यास मिळवा. १५० मिमीची लेन्स, एफ २२, खिडकी १०० मिमी पुढे. रुंदी ८० अधिक ७, म्हणजे ८७ मिमी. उंची ६३ अधिक ७, म्हणजे ७० मिमी. दोन-चार मिमी सूट ठेवा आणि तेवढीच खिडकी काळ्या कार्डात कापा. लेन्स २० मिमी वर उचलली, तर खिडकी लेन्सच्या मध्यापासून आणखी १३ मिमी वर सरकवा. ९० मिमीची लेन्स लावली तर भाता आखडून घ्या आणि दुसरं कार्ड घाला. हे ज्याला जड वाटतं त्यानं मोठ्या कॅमेऱ्याला हात लावू नये.

काळं म्हणजे काय, यातही लोक स्वतःला फसवतात. काळं रेक्झिन समोरून काळं दिसतं. तिरपं धरा, आरशासारखं चमकतं. हूडच्या आत प्रकाश तिरपाच येतो. म्हणून चमकदार कापड आत लावलेला हूड हा भटका प्रकाश गोळा करून लेन्सकडे पाठवणारा बोगदा होतो. आतून मखमल लावा, नाहीतर शाळेच्या फळ्याला देतात तो चमक नसलेला काळा रंग कार्डाला द्या. घड्यांचा फायदाही इथंच आहे. प्रकाश एका घडीतून दुसऱ्या घडीत अडकत जातो आणि मरतो. साध्या सपाट नळीला हे जमत नाही.

भाता धरायला तीन मिमी प्लायच्या दोन चौकटी आणि वर ॲल्युमिनियमची एक पट्टी पुरते. पट्टी कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीला क्लॅम्पनं धरायची, लेन्सच्या गळ्यात लटकवायची नाही. शटरवर वजन पडलं की लेन्स खाली झुकते आणि फोकस जातो. बालाघाटावरचा वारा भात्यात भरतो, म्हणून पट्टी लवचीक नको आणि पुढच्या चौकटीला आणखी एक आधार हवा. मग तपासणी. भिंगाचं छिद्र कामाच्या मापाला आणा, घासलेल्या काचेच्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघा. छिद्र पूर्ण दिसलं पाहिजे. एखादी कड कुरतडल्यासारखी दिसली तर हूड आत येतो आहे. भाता थोडा मागे घ्या. चारही कोपरे बघा. कड दिसण्याच्या एक पाऊल अलीकडे थांबलात की हूड जितका लांब असायला हवा तितका झाला. त्यापेक्षा आखूड ठेवणं म्हणजे पुन्हा आभाळाला आमंत्रण.

हातातल्या वहीनं किंवा डोक्यावरच्या टोपीनं ऊन अडवलं तरी काहीच न करण्यापेक्षा ते बरं, हे मी मान्य करतो. पण टोपी एका बाजूचं ऊन अडवते. पाणी महालासमोर पाणी खालून डोळे दिपवतं, आणि तेरच्या वाटेवरची पांढरी धूळ दुपारी आभाळाइतकी उजळते. चारही बाजूंनी एकाच वेळी पहारा हवा. एवढी साधी गोष्ट पटवायला मला इतकं लिहावं लागतं, याची चीड येते.

कारण प्रश्न छंदाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूरबरोबर आपल्या उमरगा भागातली गावंही आडवी केली. आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर त्यातलंच. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. ती घरं माणसांवर कोसळली. माणसं गेली, आणि त्यांच्यासोबत ती घरं कशी बांधली होती याचा पुरावाही गेला. गावं नव्या जागी वसली. पण जुन्या वाड्याच्या दारावरचं काम कसं होतं, ओसरीचे खांब कसे जोडले होते, कुठल्या भिंतीत लाकूड होतं आणि कुठल्या नव्हतं, हे विचारायचं झालं तर कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोमागे दिसणाऱ्या भिंतीवर समाधान मानावं लागतं. त्या अनुभवातून आपण काय शिकलो? नळदुर्ग, परांडा, तेर, लेणी, सगळ्यांवर ड्रोन घिरट्या घालतात, सूर्यास्त टिपतात, आणि खालच्या सावलीत दगड कसा बसवला आहे ते कुणालाच दिसत नाही.

एका संस्थेनं वारशाच्या नोंदीसाठी माझ्याकडे फोटो मागितले तेव्हा अटींचा कागद हातात दिला. किती मेगापिक्सेल, किती फोटो, किती दिवसांत, ड्रोनची किती मिनिटं. सावलीतला तपशील दिसलाच पाहिजे, अशी एक ओळही त्यात नव्हती. मी ती ओळ घाला म्हणालो, तर समोरच्या साहेबांनी विचारलं, “ते कोण तपासणार?” तपासणाराच ठेवायचा नसेल तर नोंद कशासाठी करता? फाइल जाड व्हावी म्हणून? त्या मेगापिक्सेलांत भुरका मोजून घेतला जातो आणि त्याचे पैसे जनतेच्या खिशातून जातात.

माझं म्हणणं असं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा मांडणार आहे. वारशाच्या नोंदीचं काम देणाऱ्या प्रत्येकानं अटींच्या कागदावर लिहावं की लेन्सवर मापाचा हूड नसेल तर फोटो घेतला जाणार नाही, आणि काळ्या दगडाच्या सावलीतले सांधे वाचता आले नाहीत तर तो परत केला जाईल. फोटोग्राफी शिकवणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात पोरांकडून भाता घडवून घ्यावा, आणि शिकवायला पेटीच्या कारागिराला मानधन देऊन सन्मानानं बोलवावं. फोटो काढणाऱ्यांनी ‘मिळत नाही’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. कार्ड, कापड, खळ आणि प्लाय धाराशिवच्या बाजारात मिळतं. यातलं एकही पैशाअभावी अडलेलं नाही. अडलं आहे ते लाज नसल्यामुळे. आणि ज्यांना एवढंही करायचं नसेल त्यांनी आपल्या दारावरच्या फलकावरून ‘आम्ही वारसा जपतो’ ही ओळ आजच पुसून टाकावी.